दरड, चुना आणि तिबोटी खंड्या

जांबोटी सोडून कणकुंबीच्या वाटेला लागलं की थोड्याच वेळात हवा बदलते. बेळगावात घामानं चिंब झालेला माणूस इथं गाडीची काच वर करतो. याच रस्त्यावरून एक फाटा आत एका वाडीला जातो. फाट्याचं नाव लिहीत नाही, का ते पुढे येईलच. आत दीडेक किलोमीटरवर टेकडी कापून रस्ता काढला आहे. डाव्या अंगाला तांबड्या मातीची दरड, दीड पुरुष उंच. पायथ्याला पाण्याचा चर, वरून जांभळीची सावली, आणि उजव्या अंगाला वीस पावलांवर ओहोळ. हे प्रकरण त्या दरडीचं आहे, म्हणजे फार तर तीस पावलं लांबीच्या जागेचं.

मी जवळच्या गावातल्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. पक्षीतज्ज्ञ नाही. पण गेले तीन पावसाळे या दरडीपुढे छत्री धरून इतका उभा राहिलोय, की वाडीतली माणसं आता मला विचारतसुद्धा नाहीत काय चाललंय म्हणून.

या दरडीत तिबोटी खंड्या घर करतो. चिमणीपेक्षा लहान, वजन जेमतेम पंधरा-वीस ग्रॅम. चोच आणि पाय शेंदरी, पोट पिवळं, डोक्यावर नारिंगीत जांभळा रंग मिसळलेला, पाठीवर निळसर काळं. पायाला तीनच बोटं, म्हणून तिबोटी. रायगड जिल्ह्याचा तर तो जिल्हापक्षी आहे. आमच्याकडे तो पावसाच्या तोंडावर येतो, पावसाळ्यात पिल्लं वाढवतो आणि पाऊस सरला की दिसेनासा होतो. शाळेतली पोरं त्याला मिरगाचा खंड्या म्हणतात. शेतात तांबडा मखमली मिरगाचा किडा दिसला की ओहोळावर याची बारीक, धारदार 'ची-ची' ऐकू येते. दिसायला मात्र कठीण. डोळ्यापुढून नारिंगी रेघ गेली असं वाटतं, तेवढंच.

इतर खंड्यांसारखा हा नदीवर टपून मासे मारत बसत नाही. सदाहरित जंगलातला गर्द ओहोळ त्याला लागतो, आणि पिल्लांसाठी खेकडे, बेडूक, सापसुरळ्या, पाली, नाकतोडे. भीमगडच्या परिसरात हे सगळं आहे. २०११ मध्ये तिथं सुमारे १९० चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं, जवळच मलप्रभा उगम पावते, महादयीही याच खानापूर तालुक्यातली. आमची दरड त्या हद्दीच्या बाहेर पडते. पक्ष्याला हद्द कळत नाही. गर्द जंगलातली सावली आणि सरळ कापलेली मऊ माती या दोन गोष्टी एका ठिकाणी त्याला बऱ्याचदा रस्त्याच्या कडेलाच मिळतात. माणसानं डोंगर कापला आणि नकळत त्याची सोय करून ठेवली. म्हणून तर पंचाईत.

२०२३: पाऊस खट्टे पडलालाय?

त्या वर्षी केरळात मान्सून ८ जूनला आला, म्हणजे नेहमीच्या १ जूनच्या मानानं आठवडाभर उशिरा. अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ उठलं, त्यानं ओल ओढून गुजरातकडे नेली. मुंबईला मान्सून पोचेपर्यंत २५ जून उजाडला. आमच्याकडे मिरग कोरडाच गेला म्हणायचा. मधेच एखादी सर यायची, धूळ बसायची, पुन्हा ऊन.

पक्षी मात्र आला होता. पहिल्या हलक्या सरीच्या रात्री शाळेच्या व्हरांड्यातल्या दिव्याला बघून एक खिडकीच्या काचेवर आपटला. सकाळी शिपायानं तो टोपीत घालून आणला. डोळे अर्धे मिटलेले, चोच किंचित उघडी, श्वास भरभर. पोरं बाटलीच्या टोपणानं पाणी पाजायला निघाली होती, त्यांना थांबवलं. चोचीत पाणी ओतलं की ते श्वासनळीत जातं आणि पक्षी मरतो, हे मी एकदा चुकून शिकलोय. खडूच्या रिकाम्या खोक्याला भोकं पाडली, खाली फडकं घातलं, झाकण लावून काळोख्या कपाटात ठेवला. तासाभरानं आत खडबड सुरू झाली. ओहोळाशी नेऊन झाकण काढलं, तर आम्ही 'गेला' म्हणेपर्यंत गेलासुद्धा.

आठवड्यानं दरडीत दोन भोकं दिसली. एक खरं, एक अर्धवट. खऱ्या भोकाचं तोंड लिंबाएवढं, आणि खालच्या कडेला पायांनी माती ओढल्याच्या दोन बारीक खाचा. नर आणि मादी आळीपाळीनं खोदतात. बोगदा किंचित वर चढत जातो, त्यामुळे पावसाचं पाणी आत शिरत नाही. पण एवढ्याशा चोचीला उन्हानं भाजलेली जांभ्याची माती खोदता येत नाही. आधी दोन-चार दिवस पाऊस मुरावा लागतो. थोडी ओल मिळाली की दरड लोण्यासारखी, जास्त झाली की ढासळणारी. या दोन टोकांच्या मधल्या दिवसांत त्याला घर उरकायचं असतं. त्या जूनमध्ये दरडीचा वरचा भाग कोरडा होता, पायथ्याला चराजवळ ओल होती. म्हणून जोडीनं नेहमीपेक्षा खाली, गुडघ्याच्या उंचीवर खोदलं.

आणि तिथंच जेसीबी आला.

रस्त्याकडेचे चर पावसाआधी साफ करायचं काम दर वर्षी निघतं. मे अखेरपर्यंत संपायला हवं असतं. पण त्या वर्षी काम उशिरा मंजूर झालं, पाऊसही नव्हता, तेव्हा २० जून उलटला तरी मशीन फिरत होतं. मी सायकलवरून हात करत पोचलो, तोवर बकेट दरडीच्या तोंडावरून एकदा फिरून गेली होती. ऑपरेटर बैलहोंगलकडचा, तरणा पोरगा. मी मोडक्या कन्नडात ओरडलो की पावसाळ्यात हे काय चालवलंय. त्यानं आभाळाकडे बोट केलं. "मळी एल्लैतरी सर?" म्हणजे, पाऊस आहे कुठं? मुकादम आमच्याच भागातला. तोही तेच म्हणाला, "पाऊस खट्टे पडलालाय, गुरुजी?"

त्याचं चूक नव्हतं. पाऊस नव्हताच.

चरात पडलेल्या ढिगात हात घातला, तेव्हा बोगद्याचा एक तुकडा अख्खा निघाला, फुटक्या नळीसारखा. आत अंडी नव्हती. तेवढंच बरं म्हणायचं. नर, की मादी, जांभळीच्या खालच्या फांदीवर बसून डोकं खालीवर करत होता. चोचीत काही नव्हतं.

जुलैत मग कोसळला. पुनर्वसूला आमच्याकडे तरणा पाऊस म्हणतात आणि पुष्याला म्हातारा. त्या वर्षी तरणा काय आणि म्हातारा काय, दोघांनी मिळून सगळी थकबाकी वसूल केली. जोडीनं त्याच दरडीत पुन्हा खोदलं, या वेळी वर. पण बकेटनं पायथा खरवडून काढलेला. पाचव्या-सहाव्या दिवशी वरची माती घसरली आणि भोकासकट रस्त्यावर आली. वाडीची वाट दीड दिवस बंद पडली. दूध जाईना, पोरं शाळेला येईनात.

तिसऱ्यांदा त्यांनी ओहोळाच्या काठावर खोदलं, एका उन्मळलेल्या झाडाच्या मुळ्यांमधल्या मातीत. तिथं पिल्लं झाली असावीत. ऑगस्टमध्ये दोघंही दहा-पंधरा मिनिटांनी काहीतरी घेऊन आत जाताना दिसत. पण तो ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ठरला. ओहोळ आवाज करायचा थांबला. चोचीत खेकडे-बेडूक कमी आणि पाली-नाकतोडे जास्त दिसू लागले. एके सकाळी खेपा बंद झाल्या. पिल्लं उडाली की गेली, मी पाहिलेलं नाही.

नेमकं काय बिघडलं

पहिले काही दिवस मीही ठेकेदाराला शिव्या देत होतो. मग वहीतल्या तारखा ओळीनं मांडल्या आणि शिव्या थांबल्या. काम पावसाआधीचं होतं, पण 'पावसाआधी' म्हणजे कधी, हेच सरकलं होतं. जुन्या हिशेबात रोहिणीच्या शेवटी काम संपायचं, मिरगात पक्षी खोदायचा, आर्द्रेत अंडी. सतरा-अठरा दिवस उबवणं, मग वीसेक दिवस पिल्लांना भरवणं. खोदण्यापासून उडण्यापर्यंत सगळं मिळून दीड-दोन महिने. ऑगस्ट उतरायच्या आत घर मोकळं. माणसाचं काम आणि पक्ष्याचं काम एकाच दरडीवर होत असूनही एकमेकांच्या वाटेत येत नव्हतं. ती घडी कुणी बसवली नव्हती, पावसानं बसवली होती.

आता पाऊसच घडी मोडतोय. हवामान खात्यानं २०२० मध्ये मान्सूनच्या सरासरी तारखा नव्यानं ठरवल्या. वायव्य भारतातून परतायची सुरुवात १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेली. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या पट्ट्यावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्याचं २०१७ मधल्या एका अभ्यासात निघालं, आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या ओलाव्यातले चढउतार असल्याचं त्यात म्हटलं आहे. म्हणजे पाऊस तेवढाच पडला तरी तो लोंढ्यानं पडायचा आणि मधे कोरडा खंड. मातीत घर करणाऱ्याला हे दोन्ही वाईट. लोंढा दरड पाडतो, खंड बेडूक संपवतो.

समुद्र तापतोय त्याला खानापूर तालुक्यातला मास्तर काय करणार? काही नाही. पण पायथा खरवडला नसता तर ती दरड जुलैत टिकली असती, हे मला स्वच्छ दिसत होतं. त्या पक्ष्याकडे एकदा चुकायची सोय होती, आम्ही त्याला दोनदा चुकायला लावलं.

अर्ज, चहा आणि घनमीटर

पहिला प्रयत्न सपशेल फसला. वन्यजीव कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यातच पक्ष्यांची अंडी किंवा घरटी नासवणं येतं. हा मुद्दा धरून अर्ज केला. मराठीत दिला असता तर तो कुठल्या गठ्ठ्यात पडला असता, हे सीमाभागातल्या माणसाला सांगायला नको. म्हणून धारवाडकडच्या एका सहकारी सरांकडून कन्नडात लिहून घेतला. 'दरड' या शब्दाला कन्नडात नेमकं काय म्हणावं यावर दोघांचा चहा थंड झाला. एका कार्यालयानं सांगितलं की जंगल आमचं, रस्ता आमचा नाही. दुसऱ्यानं सांगितलं की रस्ता आमचा, पक्षी आमचा नाही. तसे दोघंही खरं बोलत होते.

मग मुकादमालाच घरी चहाला बोलावलं. तासभर भाताची रोपं, काजूचा दर, पोरीचं लग्न असं सगळं बोलून झाल्यावर त्यानं खरी गोष्ट सांगितली. बिल निघतं ते काढलेल्या मातीच्या घनमीटरवर. चराच्या तळातला गाळ काढायला वेळ लागतो आणि माती थोडी निघते. दरडीच्या तोंडाला बकेट लावली की भसाभसा माती, पटकन माप, आणि वर काम नवंकोरं दिसतं. "साहेब गाडीतनंच बघतात, गुरुजी. लाल भडक दिसलं की खूश."

इथं मला पहिल्यांदा कळलं की पक्ष्याबद्दल बोलून उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी मी वाडीत गेलो आणि फक्त रस्त्याबद्दल बोललो. दरडीचा पायथा कापला की वरची माती अधांतरी राहते, पाऊस पडला की ती खाली येते, आणि आपली वाट बंद होते. जुलैतला दीड दिवस सगळ्यांना आठवत होता. एका म्हाताऱ्या गवळ्यानं तर हिशेब केला की त्या दिवशी किती लिटर दूध नासलं. गावानं नवा अर्ज केला. त्यात पक्ष्याचं नावसुद्धा नव्हतं. मागणी एवढीच, की चराचा तळ साफ करा, दरडीला हात लावू नका, माप खोलीवर घ्या. तो अर्ज चालला. कागदावर काही आलं नाही, पण मुकादमाला तोंडी सांगणं आलं, आणि आमच्याकडे तोंडी सांगितलेलं बऱ्याचदा कागदापेक्षा जास्त टिकतं.

आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. रोहिणी लागायच्या आत, म्हणजे २५ मेपूर्वी, चर साफ. त्यानंतर दसऱ्यापर्यंत दरडीला बकेट नाही, मग पाऊस असो वा नसो. आणि ओळखायला खूण म्हणून दरडीच्या दोन्ही टोकांच्या दगडांवर चुन्याचे पट्टे.

२०२४ ला केरळात मान्सून ३० मे रोजी आला, आमच्याकडेही पाऊस वेळेवर धरला, आणि सगळं जुन्या हिशेबासारखं झालं. भोक छातीच्या उंचीवर, जुलै सरतासरता पिल्लं बाहेर. भोकाच्या तोंडाशी एक पिल्लू बसलेलं मी पाहिलं. चोच अजून आखूड आणि मळकट, टोकाला पांढरा ठिपका. आईनं समोरच्या फांदीवर सापसुरळी धरली होती आणि ती काही आत नेऊन देत नव्हती. पिल्लू ओरडत राहिलं. दहा मिनिटांनी ते भोकातून सुटलं, चरातल्या दगडावर आपटलं, पुन्हा उडालं आणि पानांत गेलं. त्या वर्षाबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

कॅमेरे

एक चूक माझी. २०२४ च्या त्या पिल्लाचा मोबाईलवर काढलेला धूसर फोटो मी एका ग्रुपवर टाकला, फाट्याच्या नावासकट. पुढच्या रविवारी दरडीपुढे तीन गाड्या. हिरव्या जाळ्या, तिकाटण्या, हातभर लांब लेन्स. एकानं भोकासमोर शेवाळलेली फांदी आणून रोवली, म्हणजे पक्षी त्याच फांदीवर बसावा आणि मागची पार्श्वभूमी छान यावी. दुसरी जोडी शेजारच्या ओढ्यावर अजून भरवत होती, तिथंही मंडळी पोचली. पक्षी चोचीत खेकडा धरून पाऊण तास लांब फांदीवर बसून राहिला. भोकासमोर माणूस असला की तो आत जात नाही, कारण घर दाखवायचं नसतं. पिल्लांची ती खेप बुडाली.

मी जाऊन हात जोडले. बहुतेक जण समजूतदार निघाले, दोघांनी तर माफी मागितली. एक जण म्हणाला, "सर, आम्हीपण निसर्गप्रेमीच आहोत." असेलही. वाडीतल्या पोरांनी मग स्वतःच एक उपाय काढला. गाडी दिसली की रस्ता विचारणाऱ्याला ती इतक्या प्रेमानं दुसऱ्या फाट्याला लावून देतात की मला मास्तर म्हणून लाज वाटायला हवी. वाटत नाही.

२०२५: लवकर आला आणि थांबला

आमचा २५ मेचा नियम एका वर्षात मोडला. २०२५ ला मान्सून केरळात २४ मे रोजीच उतरला, २००९ नंतर इतका लवकर कधी आला नव्हता. २६ तारखेला तो मुंबईत होता. मेचा दुसरा पंधरवडाच आमच्याकडे भिजून चिंब. मशीन २० मेनंतर यायचं होतं, ते चिखलात फाट्यावरच अडकलं. चर तुंबलेलेच राहिले. मुकादम हवालदिल होऊन आला. आम्ही दोघं, वाडीतले चार बाप्ये आणि दोन बायका, पोत्याच्या खोळी घालून फावड्यानं तळ काढत बसलो. दरडीला कुणी हात लावला नाही. बकेट नसल्यावर तो मोहही नसतो.

पक्ष्यानं मेच्या शेवटच्या दिवसांतच खोदायला सुरुवात केली. मग २९ मेपासून मान्सूनची पुढची चाल थांबली ती जूनच्या मध्यापर्यंत. चार दिवस ऊन पडलं तशी दरड वरून कडक झाली. भोक वीतभर खोल होऊन तिथंच थांबलं. जोडी ओहोळावर दिसायची, दरडीकडे फिरकायची नाही. वाडीतला एक जण म्हणाला, पाणी मारूया का दरडीवर, पंप आहे. हसू आलं, पण मी रात्रभर त्याचा विचार केला. शेवटी नको म्हटलं. एकदा आपण पाणी मारायला लागलो की पुढच्या वर्षी कोण मारणार, आणि जास्त झालं तर पडणार कोणाच्या डोक्यावर? सोळा-सतरा जूनला पाऊस पुन्हा धरला. जुनं भोक सोडून त्यांनी हातभर डावीकडे नवं खोदलं.

यातून नियम बदलला. आता तारीख नाही. वळवाचा दुसरा मोठा पाऊस झाला की दरड बंद, मग ती १५ मे असो की १५ जून. चराचं काम जमलं तर मार्चमध्येच, काजू निघायच्या धांदलीआधी. हे मुकादमाला पटलं, वरच्यांना अजून पटलेलं नाही, कारण त्यांचं वर्ष मार्चला संपतं आणि पैसा एप्रिलनंतर येतो. पावसाचं आणि हिशेबाचं वर्ष जुळत नाही, हे दुखणं या दरडीपुरतं नाही.

आणखी एक प्रयोग केला होता, तोही सांगून टाकतो. ओहोळापलीकडे सावलीत दोन ट्रॅक्टर तांबडी माती ओतून, चोपून, एका अंगानं सरळ कापून आम्ही एक खोटी दरड उभी केली, म्हणजे रस्त्याचा प्रश्नच मिटावा. दोन पावसाळे झाले. तिच्यात उंदीर राहतात, एका खेकड्याचंही बीळ आहे. खंड्यानं अजून ढुंकून पाहिलेलं नाही.

२०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता. पाऊस तोवर हटलेला नव्हता. दोन दिवसांनी मुकादमाचा फोन आला, "गुरुजी, दसरा झाला. आता लावू काय मशीन?" मी थांब म्हटलं आणि छत्री घेऊन गेलो. चुन्याचे पट्टे धुऊन गेले होते, दगडाच्या खाचेत तेवढा पांढरा राहिला होता. दरडीवर नेचे वाढले होते. भोकाशी वाकून पाहिलं. तोंडावर कोळ्यानं जाळं विणलं होतं, अख्खं, एकही धागा तुटलेला नाही, त्यात पावसाचे थेंब.

फोन लावला आणि म्हटलं, लाव. पण तळालाच.